टेकाडावर तीन खोल्या

वाटणीत थोरल्या दिराला रस्त्याकडेची सपाट जमीन मिळाली आणि शिवकन्याच्या नवऱ्याला, उत्तरेश्वरला, टेकाड. टेकाड म्हणजे मुरमाचा उभा उतार, त्यावर सीताफळाची गच्च झाडी, मधोमध एक म्हातारा कडुलिंब आणि पायथ्याच्या जरा वर पुरुषभर उंचीचा कातळ. शेळ्या सोडल्या तर तिथं कुणी पाय ठेवत नसे. गावानं तोंडानं हळहळ केली आणि पाठ फिरताच हसून घेतलं. शिवकन्या मात्र झाडीतून वर चढून गेली, कडुलिंबाखाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "घर हितंच बांधायचं."

घराची घाई तिला उगाच नव्हती. नवरा-बायको दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे, ते ऊन तापल्यावर परतायचे. त्या सहा महिन्यांत सासू चंद्रभागाबाई एकटीच मागं राहायची, अमरसिंहांच्या गोठ्यामागं, पत्र्याच्या खोलीत. अमरसिंह गावचे पुढारी. खोली त्यांची, म्हणून गोठा झाडायचं काम म्हातारीचं. अकरा वर्षं ती त्या खोलीत कुजबुजत बोलत आली होती. मोठ्यानं खोकली तरी स्वतःच दचकायची. एके काळी तिनं बांधावरून हाक मारली की पलीकडच्या शिवारातला माणूस वळून बघायचा म्हणे. शिवकन्यानं ते फक्त ऐकलं होतं. त्या कुजबुजीचा तिला संताप यायचा. सासूचा नाही, त्या खोलीचा.

पाया आखायची वेळ आली, तसे अमरसिंह स्वतः पायथ्याशी आले.

"उत्तऱ्या, माझा जेसीबी लावतो. दोन दिवसांत सगळं सपाट. एक रुपया देऊ नको. झाडं अन् मुरूम मीच उचलून नेतो, तेवढीच तुझी कटकट कमी."

उत्तरेश्वरची मान हलायला लागली होती. समोर मोठा माणूस आला की त्याची मान आपोआप हलते, लहानपणापासूनची सवय. पण शिवकन्यानं अमरसिंहांनी केलेल्या रस्त्यावरचा मुरूम बघितला होता, आणि तो कुठल्या टेकाडातून आला हेही तिला ठाऊक होतं. त्या टेकाडाच्या जागी आता खड्डा होता. त्यात म्हशी डुंबायच्या.

"न्हाई दादा," ती म्हणाली. "टेकाड हाय तसं ऱ्हाऊ द्या. आमी उतार धरूनच बांधतो."

"उतारावर घर? येडीबिडी झालीस का? कावून हट्ट करतीस?"

"घर माझं हाय म्हणून."

अमरसिंह हसले. पुढारी हसला की काहीतरी बंद होतं, हा आमच्याकडचा अनुभव. दुसऱ्या दिवशी निरोप आला, दसऱ्याच्या आत खोली मोकळी करा. टेकाडाकडं जाणारी बैलगाडीची वाट त्यांच्या शेतातून जात होती, तिच्यावर तिसऱ्या दिवशी बाभळीच्या काट्या पडल्या. आणि पारावर ते सहज बोलून गेले, "तोडीची टोळी जाऊ द्या की उसाला. मग बघू टेकाडाचं."

मतलब आंधळ्यालाही कळला असता. तोडीची गाडी येईपर्यंत घर उभं राहिलं नाही, तर म्हातारी रस्त्यावर आणि जेसीबी टेकाडावर.

युसूफ वडगावहून परमेश्वर मिस्त्री आला. जागा बघून तो आधी खालीच बसला. शिवकन्यानं त्याला काठीनं मातीत रेघा ओढून दाखवलं. एकाखाली एक तीन खोल्या, प्रत्येक खोली आपल्या टप्प्यावर, मधे दोन-दोन पायऱ्या. कडुलिंबाला धक्का लावायचा नाही. खोदताना निघेल तो दगड वाया घालवायचा नाही, डोंगरातल्या शेताला घालतात तशी त्याची बांधासारखी ताल रचायची, म्हणजे माती धरून राहील. सात सीताफळं तोडावी लागली, ती तिनं स्वतःच्या हातानं तोडली.

"समदं खरं हाय," मिस्त्री म्हणाला, "पण माल वर जाणार कसा? गाडीवाट बंद. ह्या पाऊलवाटंनं गाढव बी चढायचं न्हाई. का ट्रकात ऊस भरत्यात तसं डोक्यावरनं नेणार हाव?"

त्यानं चेष्टा केली होती. शिवकन्या त्याच्याकडं बघतच राहिली.

"मग वर्षाचे सहा महिने आमी दुसरं काय करतो, मिस्त्री?"

त्यांची टोळी दहा कोयत्यांची. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हिशेबात दोघं मिळून एक. उसाची मोळी डोक्यावर घ्यायची आणि हातभर रुंदीच्या हलत्या फळीवरून उभ्या ट्रकात चढायचं, हे त्यातली प्रत्येक बाई वीस-वीस वर्षं करत आलेली. त्यांना टेकाडाचं काय कौतुक! शिवकन्यानं शब्द टाकला आणि ज्याला ज्या दिवशी काम नसेल तो चुंबळ घेऊन हजर झाला. विटा गेल्या, वाळू गेली, सिमेंट गेलं. कातळापाशी दोघं वर उभे राहायचे आणि खालून दिलेलं हातोहात उचलून घ्यायचे. मिस्त्री थापी हातात धरून बघत बसायचा आणि शिवकन्याच्या शिव्या खायचा. भिंती चढल्या. खालून अमरसिंहांची गाडी जाताना जरा हळू व्हायची, तेवढंच.

अडलं ते पत्र्यांशी. लांब पत्रे आणि लोखंडी अँगल कातळावरून हातोहात जाईनात. वारा पत्र्यात शिरला की माणूस फिरायचा. एका बाईचा हात कापला, तसं काम थांबलं. दसऱ्याला सहा दिवस होते.

आणि त्याच दिवशी दुपारी तोडीची गाडी येऊन उभी राहिली.

मुकादम तानाजी खाली उतरला. एरवी दसरा झाल्याशिवाय न फिरकणारा हा माणूस आज कुणाच्या सांगण्यावरून आला, हे विचारायची गरज नव्हती. सकाळीच तो अमरसिंहांच्या ओसरीवर चहा पिताना दिसला होता.

"भांडीकुंडी भरा रे," तो ओरडला. "कारखाना लवकर सुरू होतोय. आजच निघायचं."

सगळी टोळी शिवकन्याकडं बघायला लागली. तिनं वर पाहिलं. तीन खोल्या बिनछपराच्या उभ्या होत्या. एवढ्या चढलेल्या विटा, एवढ्यांच्या दुखलेल्या माना, आणि सगळं ह्या एका गाडीपायी मातीत जाणार होतं.

तेवढ्यात उत्तरेश्वर गाडीकडं निघाला. सवयीनं चालला असेल, असं तिला वाटलं. तो गाडीच्या मागच्या फाळक्यावर चढला, आत वाकला आणि ऊस भरायची लांब, जाड फळी ओढून त्यानं खाली सोडली. मग दुसरी.

"धरा रे," तो म्हणाला. "कातळाला लावा."

"ए उत्तऱ्या! गाडीच्या फळ्या हायेत बे त्या!" तानाजी धावला. "गाडी निघायचीय!"

उत्तरेश्वरची मान हलली नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, शिवकन्यानं ती न हललेली पहिल्यांदा पाहिली.

"गाडी थांबंल," ती म्हणाली. "दहाच्या दहा कोयते वर चालले. कोयत्याबगर मोकळी गाडी नेऊन कारखान्याला काय दाखवणार हाव, मुकादम?"

फळ्या कातळाला लागल्या. पुढंमागं दोन बायका, डोक्यावर आडवा पत्रा, पायाखाली ओळखीची फळी. वारा आला की त्या थांबायच्या, गेला की चालायच्या. दिवस मावळायच्या आत शेवटचा पत्रा कडुलिंबापाशी पोचला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिस्त्रीनं छप्पर ठोकून दिलं. गाडी थांबली होती. ड्रायव्हर तिच्याच सावलीत घोरत पडला होता.

चंद्रभागाबाईचं बोचकं एकच होतं. सून तिला हाताला धरून वर घेऊन गेली. म्हातारी तिन्ही खोल्यांतून फिरली, भिंतींवरून हात फिरवला आणि वरच्या उंबऱ्यावर टेकली.

फळ्या परत गाडीला लागल्या आणि टोळी चढायला लागली. अमरसिंहांनी पाऊलवाटेच्या तोंडावर आपली गाडी आडवी लावली होती आणि ते तिला टेकून उभे होते.

"घर झकास झालं," ते म्हणाले. "पण सहा महिने लई मोठे असत्यात, शिवकन्या. म्हातारं माणूस एकटं."

तिच्या जिभेवर उत्तर आलं होतं. पण त्याआधीच वरून, झाडीच्या डोक्यावरून हाक आली.

"ए अमरसिंगा! गाडी काढ तिथनं! माझ्या घराची वाट हाय ती!"

गाडीतली माणसं वळली. रस्त्यापलीकडच्या रानात खुरपणारी दोन माणसं उभी राहिली. घोरणारा ड्रायव्हर उठून बसला. अकरा वर्षं दाबून ठेवलेला तो आवाज होता आणि त्याला जरासुद्धा गंज चढलेला नव्हता. अमरसिंह काही बोलायच्या आत त्यांचा हात गाडीच्या दाराकडं गेला होता. त्यांनी गाडी मागं घेतली.

शिवकन्या हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. डोक्यावर काहीच नसताना ती फळीवरून गाडीत चढली. तेवढ्यात दुसरी हाक आली, पहिलीपेक्षाही मोठी.

"शिवकन्येऽ, नीट जा गं! मी हाय हितं!"