थोरल्यांचं आमेन

आमच्या घरात दोन वास होते. पुढच्या खोलीत शाईचा आणि मागच्या खोलीत ओल्या कातड्याचा. पुढचा दादाचा, मागचा माझा. आमच्या ख्रिस्ती मंडळीतली माणसं पुढच्या दाराने यायची, दादाच्या अक्षराचं तोंड भरून कौतुक करायची आणि मधलं दार उघडं दिसलं की नाक धरायची. मी मुद्दाम दार उघडं ठेवायचे. प्रभूची वचनं हवीत ना, मग ती ज्यावर लिहितात त्याचा वासही घ्या थोडा.

कोकराचं, वासराचं कातडं मी चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचे, चौकटीवर ताणून सुरीने खरवडायचे आणि दगडाने घासून पुढे पाठवायचे. दादा लहिया. बोथट सळईने तो कातड्यावर रेघा आखायचा आणि पुटपुटत एका प्रतीवरून दुसरी प्रत उतरवायचा. मला वाचता येत नाही, पण ते पुटपुटणं ऐकून ऐकून निम्मंशिम्मं पाठ झालं होतं. दोन ओळी एकाच शब्दाने संपत असल्या की लिहिणाऱ्याचा डोळा घसरतो आणि मधली ओळ सुटते. सुटलेली ओळ मग वरच्या नि खालच्या ओळीच्या मध्ये बारीक अक्षरात भरायची आणि वाचणाऱ्याने ती सामील करून वाचायची. चांगल्यातल्या चांगल्या पुस्तकात अशा बारीक ओळी असायच्याच.

"देवाने नुसतं सांगितलं," दादा म्हणायचा. "लिहिलं आपण. सांडलं आपण. भरतोयही आपणच."

तेव्हा सगळी वचनं एका जिल्दीत बांधलेली नव्हती. शुभवर्तमानं वेगळी, प्रेषितांची पत्रं वेगळी, जुनी स्तोत्रं वेगळी. शिवाय कुणाकुणाच्या नावाने फिरणारी आणखी किती तरी पुस्तकं. त्यातलं पवित्र कोणतं आणि नुसतंच चांगलं कोणतं, हे आमच्या मंडळीत वर्षानुवर्षांचं भिजत घोंगडं होतं. पद्धत एकच होती. वाचून झालं की आधी थोरल्यांनी आमेन म्हणायचं, मग बाकीच्यांनी. मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना वडील म्हणायचे, आणि थोरले म्हणजे त्यांतले मुख्य. ज्यावर ते आमेन म्हणत ते वचन. ज्यावर ते गप्प राहत ते घरी वाचायला हरकत नाही, एवढंच.

विधवेच्या पत्रावर ते कायम गप्प राहत. हे पत्र कुणा एका विधवा बाईने लिहिलेलं. प्रभूला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं ती सांगते, पण आपलं नाव सांगत नाही. मर्तिकाच्या घरी बायका ते एकमेकींना वाचून दाखवायच्या. आमच्या आईकडे त्याची जुनी, कोपरे झिजलेली प्रत होती. आई शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा तिला दुसरं काही नको होतं. दादा उशाशी बसून तेच वाचायचा. त्यात एक ओळ आहे, "तुझ्या हातून जे गेलं, ते माझ्या हातात आहे." आमचे बाबा आणि पाठची दोन भावंडं आईच्या हातूनच गेली होती. ती ओळ आली की ती दादाचा हात धरून ठेवायची आणि स्वतःच आमेन म्हणायची. थोरल्यांची वाट कोण बघतंय! ती गेल्यावर दादाने माझ्यासाठी त्या पत्राची एक प्रत उतरवली, मी खास जपून ठेवलेल्या पातळ कोकराच्या कातड्यावर. मला वाचता येत नाही हे त्याला माहीत होतं. "असू दे तुझ्याकडे," म्हणाला.

मग चौकात सरकारी हुकूम लागला. प्रभूला मानणाऱ्या या लोकांनी आपली पवित्र पुस्तकं अंमलदाराच्या हवाली करावीत, ती जाळली जातील. जो देणार नाही त्याचं मुंडकं जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडीलमंडळी आमच्या पुढच्या खोलीत जमली, कारण पुस्तकं आमच्याकडे होती. पवित्र पुस्तक आपल्या हाताने शत्रूला देणं म्हणजे प्रभूलाच धरून देणं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण अंमलदाराला रिकाम्या हाताने परत पाठवणंही शक्य नव्हतं, घरं पाडली असती. तेव्हा जे पवित्र नाही ते टेबलावर ठेवायचं आणि पवित्र ते माझ्या खोलीत लपवायचं, असं ठरलं. ज्या खोलीसमोरून जाताना यांचा श्वास कोंडायचा ती आता एकदम प्रभूच्या कामाची झाली.

इतक्या वर्षांचं भांडण, पण मानेवर तलवार आली तसं भराभर सुटायला लागलं. दादा एकेक पुस्तक उचलून नाव सांगायचा. थोरले आमेन म्हणाले की ते माझ्या हातात. मी ते तेलकट कापडात गुंडाळून मागे न्यायचे, चौकटीखालच्या फळीवर ठेवून वर ओली कातडी टाकायचे. थोरले गप्प राहिले की टेबलावर. एका पत्रावर दोघा वडिलांची जुंपली, ते खरंच प्रेषिताचं आहे की कुणी नाव चोरून लिहिलंय म्हणून. थोरल्यांनी डोळे मिटून आमेन म्हटलं आणि ते पत्र पवित्र झालं. मी मनात म्हटलं, असं असतं होय हे.

शेवटी आईचं पुस्तक राहिलं. दादाने ते उचललं.

"विधवेचं पत्र," तो म्हणाला.

थोरले गप्प.

"थोरले, हे पत्र माझ्या आईने..."

"लिहिणाऱ्याचं नाव नाही त्यावर," एक वडील म्हणाले. "कोण कुठली बाई!"

"नाव नसलेली स्तोत्रं आत्ताच आत गेली," दादा म्हणाला. "त्यांना नाही विचारलंत नाव."

मी मधल्या दारात हात पुढे करून उभी होते. थोरल्यांच्या तोंडाकडे बघत होते. माणूस वाईट नव्हता. त्यांचे ओठ हलले, मला अजून आठवतं. आणि तेवढ्यात दारावर काठी वाजली.

मी मागे पळाले. पुढचं मी दाराच्या फटीतून पाहिलं. अंमलदार दोन शिपाई घेऊन आत आला आणि त्याने टेबलावरची पुस्तकं मोजून पोत्यात भरायला लावली. एका शिपायाने माझ्या खोलीत डोकं घातलं, "ई!" केलं आणि तो तोंड धरून माघारी वळला. सगळं सुरळीत पार पडणार होतं.

"हातात काय आहे तुझ्या?" अंमलदाराने विचारलं.

"आईचं पुस्तक," दादा म्हणाला.

"पवित्र आहे?"

नाही म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? नाही म्हणायचं, पोत्यात टाकायचं. माझ्याकडे दुसरी प्रत होतीच की. पण दादा थोरल्यांकडे बघत होता. अंमलदारानेही त्यांच्याकडे पाहिलं. आता तर थोरले बोलूच शकत नव्हते, बोलले असते तर मंडळीचे मुख्य म्हणून ओळखले गेले असते. ते जमिनीकडे बघत बसले.

"आहे," दादा म्हणाला. "हे देणार नाही."

अंमलदार हसला. इतकी पोती भरली तरी कुणी हूं की चूं केलं नव्हतं, म्हणजे खरं पुस्तक हेच, असं त्याला वाटलं असणार. तो पुस्तकासकट दादालाच घेऊन गेला आणि आमच्या घराची पुन्हा झडती झाली नाही. म्हणजे या सगळ्यांची पवित्र पुस्तकं वाचली ती एका अपवित्र पुस्तकामुळे. हसावं की रडावं!

मी थोरल्यांच्या घरी गेले. "तुम्ही स्वतः चला," म्हटलं. "त्याला समजवा. हे वचन नाही, दिलं तर पाप नाही, असं तुमच्या तोंडून सांगा. तुमचं ऐकेल तो."

"मी तिथे गेलो तर मलाही ओळखतील, पोरी."

"मग ओळखू देत!"

ते नाही आले. निरोप मात्र दिला. तो मी कोठडीत पोचवला. दादाच्या हाताची बोटं मोडली होती, उजव्या हाताची. त्या बोटांकडे बघून मला निरोप धड सांगताही येईना.

"थोरले म्हणतात ते वचन नाही. देऊन टाक ना रे, दादा. अंमलदार म्हणतोय, एकदा स्वतःच्या हाताने दिलंस की सोडतो. माझ्याकडे तुझी प्रत आहे ना? कुठे जाणारे ते?"

"प्रतीचं नाही गं," तो म्हणाला. "आईला मी रोज सांगत होतो, देव बोलतोय, ऐक. ती ऐकत गेली. आता म्हणू की देव नव्हता, कुणीतरी बाई होती? आईला मी काय खोटं वाचून दाखवलं?"

मी त्याच्या पाया पडले. त्याला शिव्या दिल्या. आई तर गेली, मी जिवंत आहे, माझं काय, असंही विचारलं. त्याने डाव्या हाताने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुझ्या हाताला चुन्याचा वास येतोय," म्हणाला. "काम चालू आहे वाटतं. चांगलं."

दोन दिवसांनी त्याला मारलं. पुस्तक त्याच्यासमोर आधी जाळलं.

पुढे राज्य बदललं, हुकूम मागे घेतला गेला. लपलेली माणसं बाहेर आली, लपलेली पुस्तकंही. मंडळीत प्रभूसाठी मेलेल्यांची नावं दर आठवड्याला मोठ्याने घ्यायची पद्धत सुरू झाली. त्यात दादाचं नाव नव्हतं. मी विचारलं तेव्हा एक वडील म्हणाले, "तो वचनासाठी नाही मेला, बाई. हट्टासाठी मेला." थोरले शेजारीच होते. त्यांनी तोंडात गुळणी धरली.

एक दिवस थोरले माझ्याकडे आले. खूप म्हातारे झाले होते. सगळी पवित्र पुस्तकं आता एकाच मोठ्या जिल्दीत बांधायची ठरली होती. नवा लहिया लिहीत होता, पण चांगलं कातडं कमी पडत होतं. शेवटची थोडी पानं अडली होती.

"तुझ्याकडे ते पत्र आहे ना, दादाच्या हातचं?" ते म्हणाले. "ते धुऊन कोरं करून दे. त्याचं कातडं तरी या पुस्तकात राहू दे."

कातडं! मला वाटलं, सुरी घेऊन यांचंच खरवडावं. पण मी आत गेले आणि पत्र काढलं. माझ्यामागे ते कोण सांभाळणार होतं? आमच्या घरात माझ्यानंतर कुणी नव्हतं. माझ्याबरोबर ते उंदरांच्या पोटात जाणार. त्या जिल्दीत गेलं तर निदान माणसांत राहील.

जुनं अक्षर काढायचे दोन मार्ग असतात. सुरीने खरवडून दगडाने घासलं की मुळासकट जातं. नाहीतर दुधात भिजवायचं आणि कोंड्याने चोळायचं. दिसायला तेही कोरं दिसतं. पण शाई कातड्यात मुरलेली असते, वर्षं गेली की तांबूस होऊन वर येते. सुंभ जळतो, पीळ जात नाही. मला हे पक्कं ठाऊक होतं. मी सुरीला हात लावला नाही. दूध आणलं.

दादाच्या रेघांचे चर मात्र कुठल्याच धुण्याने जात नाहीत. नवा लहिया मोठं अक्षर काढणारा आणि आळशी. त्याने नव्या रेघा आखल्याच नाहीत, दादाचीच एकेक रेघ सोडून लिहून काढलं, त्यामुळे मधल्या रेघा रिकाम्याच राहिल्या. पुस्तक बांधून झालं, मंडळीत उंच चौरंगावर बसलं. मी दर आठवड्याला मागच्या भिंतीशी बसायचे आणि ऐकायचे. वर्षं गेली. थोरले आंधळे झाले, पण आमेन अजून तेच म्हणायचे.

परवा वाचक शेवटच्या पानांपाशी आला. नवा होता, नुकताच लागलेला. चांगला घडाघडा वाचत होता, आणि मध्येच अडखळला. पान उजेडाकडे वळवून वाकून बघायला लागला. त्याला दोन मोठ्या ओळींच्या मध्ये एक बारीक, तांबूस ओळ दिसली होती. सुटलेली ओळ कुणीतरी भरलीय, असं त्याला वाटलं. शिकवलेलंच होतं त्याला तसं. त्याने ती सामील करून वाचली.

"तुझ्या हातून जे गेलं, ते माझ्या हातात आहे."

पुढचं धड दिसेना, म्हणून तो तिथेच थांबला. वाचन संपलं असं समजून सगळे थोरल्यांच्या आमेनची वाट बघू लागले. थोरल्यांनी मान वर केली. ते पान त्यांना दिसत नव्हतं, पण ती ओळ त्यांना माहीत होती. आमच्या पुढच्या खोलीत दादाने ती किती वेळा म्हणून दाखवली होती त्यांना. त्यांचे ओठ हलले, अगदी त्या सकाळी हलले होते तसेच. या वेळी दारावर कुणी काठी वाजवली नाही.

"आमेन," थोरले म्हणाले.

"आमेन," सगळी मंडळी म्हणाली. माझ्या शेजारची एक बाई रडत होती.

एवढाच शब्द होता. त्या सकाळी तो म्हटला असता तर मी हात पुढे करून उभीच होते. पुस्तक माझ्या हातात आलं असतं, ओल्या कातड्याखाली गेलं असतं, आणि दार उघडायला दादा रिकाम्या हाताने गेला असता.

मी आमेन म्हटलं नाही.