सर्जनबाईंच्या टेबलावरचा मोजा

मी एक जुना लोकरी मोजा आहे. हसलात ना? हसा मित्रांनो, पण माझा थाट तर ऐका! पायात जायचं सोडून मी चक्क दवाखान्यात शिकवायचं काम करतो.

सर्जनबाईंच्या आईने मला विणलं. माझा जोडीदार धुण्यात हरवला आणि मी टेबल पुसायचं फडकं म्हणून दवाखान्यात आलो. फार अपमान वाटला हो! पण एकदा सर्जनबाईंना एका पेशंटला त्याचा आजार काही केल्या समजावता येईना. त्यांनी मला उचललं, आतून चिमटीत धरलं आणि उलटा करून बाहेर ओढलं. "गुदाशय म्हणजे आतड्याचा शेवटचा भाग. त्याचा आधार सैल झाला की तो असा शौचाच्या जागेतून बाहेर येतो." पेशंटला चटकन कळलं. झालं, मी नोकरीला लागलो!

पुढे रंगीत तक्ते आले आणि माझी रवानगी खणात झाली. मी आत कुढत बसलो. तक्त्यांना उलटं होता येतं का, तुम्हीच सांगा!

मग एका सकाळी गाण्याच्या बाई सुनेबरोबर आल्या. वरचा सूर लावायला पोटातून जोर केला की त्यांचा गुदाशय बाहेर यायचा. लाजेपायी त्यांनी दुखणं अंगावर काढलं आणि गाणंच सोडून दिलं. तक्त्याकडे त्या बघेचनात. सर्जनबाईंनी खण उघडला. मी नुसता थरारून गेलो!

"ऑपरेशनच्या दोन वाटा आहेत," त्या म्हणाल्या. "एक पोटाकडून. छोट्या भोकांतून दुर्बीण घालायची, गुदाशय वर ओढायचा आणि कण्याच्या खालच्या हाडाशी टाक्यांनी किंवा जाळीने पक्का करायचा." त्यांनी मला वर ओढून धरलं. "दुसरी खालून. बाहेर येणारा भाग कापून जोडायचा, किंवा नुसतं आतलं अस्तर काढून उरलेल्या भागाला टाक्यांनी चुण्या घालायच्या. अशक्त माणसाला ही जास्त सोसते, पण दुखणं परत यायची शक्यताही जास्त. तुमची तब्येत चांगली आहे, मी पोटाकडून सुचवीन."

"नको, खालूनच करा," बाई घाईने म्हणाल्या.

"अहो आई, परत आलं तर?" सून म्हणाली.

"येऊ दे. खालून करायचं तर कमरेत इंजेक्शन देऊन भागतं म्हणे. पोटाकडून करायचं तर पूर्ण भूल देतात, घशात नळी घालतात. माझा गळा गेला तर मी करू काय?"

सर्जनबाईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं. "घसा थोडे दिवस खवखवेल," ते म्हणाले. "आवाजाला कायमची इजा फार क्वचित होते, पण कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. तुम्ही गाता हे आधी सांगितलंत, बरं केलंत. मी जपून नळी घालीन."

गाण्याच्या बाईंनी मला हातात घेतलं. स्वतःच उलटं केलं, सुलटं केलं. माझा जीव टांगणीला लागला.

"पोटाकडूनच करा," त्या म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा लपवायचं बळ नाही आता."

ऑपरेशन झालं. कुंथायचं नाही, वजन उचलायचं नाही, सगळी पथ्यं त्यांनी पाळली. गायची परवानगी मिळाली तेव्हा त्या इथेच उभ्या राहिल्या आणि पोटातून जोर काढून वरचा सूर लावला. काय सूर होता, मित्रांनो! नर्स धावत आली. बाई मात्र डोळे मिटून, अंग चोरून थांबल्या होत्या. मग ओरडल्या, "जागेवर आहे गं! जागेवर आहे!" सून एकदम रडायलाच लागली.

मला जपा असं मी म्हणणार नाही. मी मोजाच. तुमचं शरीर जपा. त्यातला कुठलाही भाग लाजेचा नाही. काही दुखलं-खुपलं तर घरच्यांना सांगा, डॉक्टरांना सांगा. त्या दिवशी अख्ख्या दवाखान्याने ऐकला तो सूर बाईंनी इतकी वर्षं उगाच गिळून ठेवला होता.