चार वाजेपर्यंतचं पाणी

मी सलाईनची बाटली बोलतेय. दवाखान्याच्या कचऱ्याच्या लाल बादलीत उलटी पडलेय, म्हणून आवाज जरा दबका येईल. माझ्या अंगावर पांढरी चिकटपट्टी अजून आहे. तिच्यावर पेनाने आकडे लिहिलेत: बारा, एक, दोन, तीन, चार. ते आकडे ध्यानात ठेवा.

माझ्यात काही जादू नाही हो. अर्धा लिटर पाणी आणि चिमूटभर मीठ, बस्स. कारखान्यात भरली गेले, खोक्यात बसून ट्रकने पांढरकवड्याजवळच्या या दवाखान्यात आले. पण लोकांचा माझ्यावर भारी जीव! कापूस वेचून अंग दुखलं की म्हणतात, एक बाटली लावून द्या. नाही लावली तर डॉक्टरच कच्चा ठरतो. जितक्या बाटल्या जास्त तितकी ताकद जास्त, असं इथे सगळ्यांनी धरून ठेवलंय. खरं सांगते, मलाही त्याचा गर्व होता.

आज सकाळी सातला बंजारा तांड्यावरून शीलाला आणलं. नऊ वर्षांची पोर, पण अंगात काही उरलं नव्हतं. महिनाभर घटाघट पाणी प्यायची, सारखी लघवीला जायची, तिथे मुंग्या लागायच्या. घरचे म्हणाले, उन्हाचं असेल. आता ती ओकत होती, धापा टाकत होती, आणि श्वासाला पिकल्या फळासारखा वास येत होता. डॉक्टरांनी बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. साखर इतकी वाढली होती की रक्तात आम्ल साचलं होतं, आणि शरीर कोरडं पडलं होतं.

पहिली बाटली संपली आणि अकराला मला लावलं. शेजारच्या बारीक नळीतून इन्सुलिन जात होतं. ते साखर उतरवणार, मी पाणी भरणार, अशी आमची वाटणी. सुरभी सिस्टरने माझ्यावर पट्टी चिकटवून तासांच्या खुणा केल्या आणि शीलाची आई हंसा हिला बजावलं, की लहान लेकराला पाणी हळूहळूच द्यायचं, घाई झाली तर मेंदूला सूज येते. चार वाजेपर्यंत ही बाटली पुरली पाहिजे. हंसाने मान हलवली.

बाराला शीलाचा आजा उत्तमसिंग डबा घेऊन आला. पोरीचा बाप ट्रक घेऊन हैदराबादकडे गेलेला. आज्याने हंसाला जेवायला बाहेर पाठवलं आणि स्वतः नातीजवळ बसला. सिस्टरचं बोलणं त्याच्या कानावर आलंच नव्हतं.

बाजूच्या खाटेवर नानाजी होते. साठीचे, आजार तोच. आठ दिवस इन्सुलिनची सुई चुकवली आणि इथे आले. मोठा माणूस, कोरडा ठक्क पडलेला, म्हणून डॉक्टरांनी त्यांना सुरुवातीला भरभर पाणी दिलं. तासाभरात दोन बाटल्या संपल्या आणि नानाजी उठून बसून गप्पा मारायला लागले. त्यांनीच उत्तमसिंगला कौतुकाने सांगितलं, दोन बाटल्या गेल्या अन् जीव आला.

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. टप... टप... त्याचा जबडा आवळला. मला कळलं आणि मी घाबरले. त्याने इकडे तिकडे पाहिलं, हात वर केला आणि नळीवरचं चाक पूर्ण फिरवलं.

मी काय करणार? वाट मोकळी झाली की वाहायचं, एवढंच मला येतं. बारीक धार लागली. म्हातारा नातीच्या कपाळावरून हात फिरवत होता, चेहऱ्यावर समाधान होतं. पाणी पट्टीवरच्या एकच्या खुणेखाली उतरलं, मग दोनच्या, मग तीनच्या. भिंतीवरच्या घड्याळात अजून एकही वाजला नव्हता. ओरडता आलं असतं तर मी अख्खा वॉर्ड उठवला असता.

हंसा परतली तेव्हा मी तळाला आले होते. थोड्या वेळाने शीलाने डोकं धरलं. "याडी, डोकं लय दुखते," एवढं आईला म्हणाली, मग ओकली, मग हाकेला ओ देईना. सुरभी धावत आली. तिने पट्टी पाहिली, घड्याळ पाहिलं आणि चाक बंद केलं.

"कोणी फिरवलं हे?" तिने हळूच विचारलं.

हंसा रडायला लागली. मग म्हातारा पुढे आला.

"म्या फिरवलं, बाई. त्याईले दोन बाटल्या देल्या, अन् माह्या पोरीले थेंब थेंब. वाटलं, तांड्याची हाये म्हून कमी देऊन राह्यले."

त्याला कोणी रागावलं नाही. डॉक्टरांनी सूज उतरायचं औषध लगेच दिलं. गाडी आली, पोर यवतमाळला गेली, सोबत हंसा बसली. म्हाताऱ्याला जागा नव्हती.

आता पाच वाजलेत. तो समोरच्या बाकावर बसलाय, पोरीचे प्लास्टिकचे जोडे मांडीवर घेऊन. मघाशी हंसाचा फोन आला. शीलाने अजून डोळे उघडले नाहीत. फोन ठेवून त्याने सुरभीला विचारलं, "बाई, ते जास्तीचं पानी वापस काढता नाही येत का?"

सुरभी त्याच्याशेजारी बसली.

माझं काय, उद्या माझा चुरा होईल. पण तुम्ही कधी कुणाच्या उशाशी बसलात आणि वर माझी एखादी बहीण थेंब थेंब गळताना दिसली, तर राग येऊ द्या, सिस्टरला हाक मारा, भांडा हवं तर. त्या चाकाला मात्र हात लावू नका. माझ्या जागी आता दुसरी बाटली टांगली आहे, आणि तिच्याखाली बसलेला माणूस बराच वेळ वर बघतोय.