पाणी वर-खाली करायची पट्टी

दर्पणच्या घरात पाणी शिरलं ते पाहुण्यांचा नाश्ता उरकल्यावर आणि चहा यायच्या आधी. समुद्र त्या वेळी ओहोटीला होता. दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर बोंबील बांबूंवर निवांत वाळत होते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

पाहुणे सरावलीहून आले होते: दादू, त्यांची बायको जयवंती आणि मुलगी हेमांगी. दादू जन्मानं मच्छीमारच, पण तरुणपणीच समुद्र सोडून तारापूरच्या कारखान्यात लागले ते लागलेच. हेमांगी आणि दर्पण यांनी बोईसर स्टेशनबाहेरच्या रसवंतीत एकमेकांना कधीच पसंत केलं होतं. उरलं होतं फक्त मुलाचं घर बघणं. घर शेवटी बघायची आपल्याकडे रीत आहे, कारण तोवर नाही म्हणायला दुसरं काही शिल्लक राहिलेलं नसतं.

बघून झालं. काशीबाईंनी, म्हणजे दर्पणच्या आईनं, फ्रिज उघडूनसुद्धा दाखवला. मग दादूंनी विचारलं की पगार कळला, पण जावईबापू नक्की करतात काय. ‘जावईबापू’ हा शब्द ऐकून दर्पण लॅपटॉप आणायला आत धावला. न धावता तर आज त्याचं लग्न झालेलं असतं.

तो बोईसरच्या एका छोट्या कंपनीत नकाशे करायचा. कागदी नव्हे, ब्राउझरमध्ये उघडणारे, डोंगर-इमारतींसकट उभे राहणारे, बोटानं गरगर फिरवता येणारे. गिऱ्हाईक बहुतेक बिल्डर. बिल्डरांना जमिनीवर माणसं दिसली की करमत नाही, म्हणून नकाशात माणसं नव्हती. त्याच आठवड्यात नवी आवृत्ती निघाली होती. तिच्यात सकाळची संध्याकाळ केली की इमारतींच्या सावल्या सरकत. एका टिचकीसरशी सगळी झाडं नाहीशी होत. ही सोय सर्वांत लोकप्रिय होती. तिसरी सोय दर्पणनं स्वतः बनवली होती.

त्यानं दातिवऱ्याचाच नकाशा उघडला. सावल्या सगळ्यांना आवडल्या. झाडं गेली तेव्हा जयवंतीबाईंनी टाळी वाजवली. मग त्यांनी विचारलं, खाली ही निळी पट्टी कसली? शोभेची आहे म्हणता आलं असतं. दर्पणनं ती उजवीकडे सरकवली.

समुद्र उठला. आधी बोंबलांचे बांबू गेले, मग रस्ता, मग पाण्यानं गल्लीत वळून ओटा चढला. तीन मीटरला खिडक्या गेल्या. चित्र फार सुरेख होतं, पाण्यावर ऊन चकाकत होतं. काशीबाई नकळत पाय वर घेऊन बसल्या.

दर्पणचे वडील महादू एकदम पुढे झुकले. “आपली होडी बुडाली रं. वर यायला पायजे होती ना?”

दर्पणनं समजावलं की सॉफ्टवेअर होडीला इमारत समजतं, त्यामुळे ती जमिनीला धरून राहते.

“आनि घराला काय समजतं?”

“शेड.”

हेमांगी पडद्याजवळ सरकली. “तीन मीटर म्हणजे कधी?” तिनं विचारलं. दर्पण म्हणाला की पट्टीवर उंची आहे, तारीख नाही. तारीख पुढच्या आवृत्तीत येईल.

दादूंनी चष्मा काढून पुसला. “हे खरं, का आपलं खेळणं?”

“खेळनंच हाय ओ पाव्हने,” महादू ताबडतोब म्हणाले. “पोरं दिवसभर ऑफिसात ह्येच करतात.”

थाप उत्तम होती. दादू हसायच्या बेतात होते. हेमांगी दर्पणकडे बघत होती. त्यानं काही करायची गरजच नव्हती. पण त्या पट्टीसाठी त्यानं पाऊस-दिवाळी न बघता काम केलं होतं, आणि आपल्या कामाला कोणी खेळणं म्हणालं की शिकलेल्या माणसाला पुढचं दिसेनासं होतं.

“खेळणं नाही,” तो म्हणाला. “उंची बरोबर आहे. चूक झालीच तर वीतभर.”

चहा आला. सगळ्यांनी चहाची स्तुती केली. दादूंनी सहज म्हणून सरावली दाखवायला सांगितलं. पट्टी टोकाला नेली तरी त्यांची इमारत कोरडी होती. तिच्यामागच्या, कारखान्यांचं पाणी वाहणाऱ्या नाल्याचा रंग दाखवायची सोय अजून कोणी बनवलेली नाही. निघताना दादू ओट्याच्या पायऱ्या बाजूबाजूनं उतरले, जणू त्या ओल्या होत्या.

निरोप आला की माणसं चांगली, घर चांगलं, पण पोरीला खारी हवा सोसत नाही. दर्पणनं हेमांगीला फोन केला. तिनं सांगितलं की तिच्या वडलांचं पहिलं घर पाण्यानं नेलं होतं. आजीची ट्रंक तेवढी वाचली. घरी हा विषय ते कधी काढत नाहीत.

“म्हणजे मी खोटं बोलायला हवं होतं?”

“खोटं तुझे बाबा बोलले होते की. तुला नुसतं गप्प बसायचं होतं.” मग ती “ठेवते,” म्हणाली, आणि ठेवला.

ऑफिसात साहेबांनी हकीकत ऐकून खेद व्यक्त केला. नंतर गिऱ्हाइकांसाठीच्या माहितीपत्रकात एक ओळ वाढली: ‘सामान्य कुटुंबालाही पाहताक्षणी निर्णय घेता येतो.’

काशीबाईंनी पाहुण्यांसाठी आणलेले नवे कप धुऊन खोक्यात ठेवले. लॅपटॉपचं नाव घरात कोणी काढत नव्हतं. एका संध्याकाळी महादूंनीच तो उघडायला लावला.

“पानी उजवीकडं वाढतं. डावीकडं ने.”

दर्पणनं पट्टी शून्याच्या डावीकडे नेली. समुद्र मुकाट मागे सरला. महादू पडद्याला नाक लावून बसले. त्यांच्या लग्नाचा मांडव जिथं पडला होता, तिथं आता ओहोटीलाही पाणी असतं. मांडवाला टेकू दिलेली नारळाची झाडंही तिथंच होती. तेवढी जागा त्यांना बघायची होती.

पाण्याखालून सपाट राखाडी रंग निघाला. खळगा नाही, वाळू नाही.

“हितं काय नाय?”

“तिथली मोजणी कोणी केलेली नाही, बाबा.”

महादूंनी मान हलवली. राखाडीच्या काठावर त्यांची होडी इमारत होऊन बसली होती. “मग होतं तितं ठेव पानी,” ते म्हणाले, आणि बाहेर बोंबील उलटायला गेले.