शनिवारचा पाहुणा

आमची साइट अजून जगात कुठेच नव्हती. ती फक्त माझ्या लॅपटॉपवर चालत होती आणि लॅपटॉप सोनकुल तळ्याकाठच्या कुरणावर, आमच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तंबूत, सौर पॅनेलच्या मेहरबानीवर. तंबूंचं बुकिंग घेणारी साइट. कुरणावर नेट नाही, म्हणून लागणारं सगळं मी नारिन शहरातूनच उतरवून आणलं होतं.

बुकिंगचं पान नीट चालतं का हे पाहायचं तर पाहुणे हवेत. नसले तर आपणच बनवायचे. आमच्या साइट बनवण्याच्या धंद्यात सगळे हेच करतात. मनाला येतील ती नावं मी भरली. शाळेतल्या बाई, बिश्केकचा घरमालक आणि शनिवारी माझा थोरला भाऊ, मेदेर.

मेदेर परदेशात, येकातेरिनबुर्गला एका गोदामात काम करतो. बाबांच्या मातीला त्याला पोहोचता आलं नाही आणि तेव्हापासून लाजेपायी तो इकडे फिरकलेला नाही. अपाशी, म्हणजे आमच्या आईशी, फोनवर हवापाण्याचं बोलतो आणि ठेवून देतो.

बुकिंगचं पान कसं उघडायचं, हे अपाला मीच कौतुकानं शिकवलं. त्यातली नावं खोटी आहेत, हे सांगायचं तेवढं राहिलं. काय म्हणावं माझ्या डोक्याला!

घोडीचं दूध काढून मी परतले, तर अपाचे हात कोपरापर्यंत पिठात. शेजारची झूरा एजे, म्हणजे झूराताई, बोरसोकचे पिठाचे तुकडे तळायला कढई तापवत होती आणि आमची सगळ्यात गुबगुबीत मेंढी दाराशी बांधलेली.

"अपा, हे काय? कोण येतंय?"

"वा गं वा! भाऊ शनिवारी येतोय आणि ही बया तोंडाला कुलूप लावून बसलीये. वर मलाच विचारतेय!"

"गंमत करायची असेल तिला," झूरा एजे हसली. "बघ कशी पांढरी पडली, पकडलं म्हणून."

सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी सांगितलं. अपाचे हात थांबले. झूरा एजे उगाचच चुलीतली लाकडं मागे ओढत बसली.

"म्हणजे तुझं यंत्र खोटं बोलतं?"

"यंत्र नाही गं, मीच. नुसतं करून बघत होते."

"एवढ्या जगात त्याचंच नाव बरं सापडलं?"

मला रडूच आलं. तो यावा म्हणून माझाही जीव तुटत होता, हे मला तिथे उभं राहून कळलं.

"रडतेस काय? फोन घे. टेकडीवर चल."

टेकडीवर रेंज येते. अपानं हात धुतले नव्हते, म्हणून फोन मीच तिच्या कानाशी धरला.

"मेदेर, ऐक. बोरसोक तळायला पीठ तयार आहे, मेंढी दाराशी बांधलीये. तुझ्या बहिणीनं तुला शनिवारचा पाहुणा म्हणून लिहून ठेवलंय. आता आला नाहीस तर झूरासमोर माझी शोभा होईल."

पलीकडून तो हळूच म्हणाला, "अपा, बाबांच्या मातीला मी नव्हतो. आता कसा येऊ?"

"त्यांनी शेवटपर्यंत तुझी वाट पाहिली," अपा म्हणाली. "मी अजून पाहतेय. माझ्या वेळेला तरी उशीर करू नकोस, पोरा."

तो रडत होता. मलाही ऐकू येत होतं. मग नाक ओढत म्हणाला, "शनिवारी नाही जमायचं. सोमवारी पोहोचतो."

अपा माझ्याकडे वळली. डोळे पुसायला गेली आणि गालभर पीठ लावून घेतलं.

"जिपार, खाली जाऊन त्याला सोमवारी लिही."