कोवळ्या कणसाचा सण

पापानची धाकटी बहीण शोको कोवळ्या कणसाच्या सणाला देवी झाली. देवी झालेल्या मुलीचा नाचानंतर बळी देत; ती घरी परत येत नसते. पण पुढच्या वर्षी सणाच्या पहाटे तलावात गाळ टाकून केलेल्या मक्याच्या वाफ्यावर पापानला ती दिसली. अर्धा चेहरा लाल, अर्धा पिवळा, देवळात रंगवला होता तसाच.

काही वर्षांनी मात्र सणाच्या पहाटे वाफा रिकामाच राहू लागला. बहीण रुसली म्हणून पापान रडली. मग सण होऊन गेल्यावर, कणसात दूध भरलं त्या सकाळी, शोको आली. तेव्हापासून ती उशिराच येई. पापान म्हातारी झाली तरी तो उशीर वाढतच राहिला.

यंदा शेजारच्या मियावाला निवडलं. सण तोंडावर आला, तशी पापान एक कणीस घेऊन होडीनं देवळात गेली. तिथं दिवसांची मोजणी तिचा दीर तेमोक ठेवी.

"भाऊजी, सोला हे."

त्यानं सोललं. आत नुसते केस. दाण्याचा पत्ता नाही.

"वहिनी, तुमचा मका आळशी. मोजणी चुकत नसते."

"अख्ख्या गावाचा मका आळशी? लहानपणी सणाला कणसं खाऊन पोट दुखायचं, विसरलात? शोकोला कळतं ते तुम्हाला कळेना होय?"

तेमोकनं दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सूर्य डोंगराच्या ठरल्या खाचेतून उगवायच्या आधीच आमच्या मोजणीतलं वर्ष संपतं. दर वर्षी सण थोडा थोडा अलीकडं येतो. माझ्या गुरूंनाही ते दिसत होतं."

"मग सण पुढं ढकला. निदान ह्या पोरीला तरी..."

"आणि आजवरच्या पोरी चुकीच्या दिवशी गेल्या, हे त्यांच्या आयांना कोण सांगणार? तुम्ही?"

पापाननं सोललेलं कणीस उचललं. ती होडीत बसली.

सण ठरल्या दिवशीच झाला. मियावा फार सुंदर नाचली.

कणसं भरली त्या सकाळी पापान मक्याची उकड घेऊन वाफ्याच्या कडेला बसली. शोको आली, गेली तेव्हा होती तेवढीच, कोवळी. तिच्या मागून मियावा आली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग अजून ओला होता. तिनं एक कणीस मोडलं, दाणे चाखले आणि वळून विचारलं,

"मावशी, आत्ता कुठं गोड झालंय. मग मला एवढ्या घाईनं का नेलं?"

पापाननं उकडीचं पान तिच्यापुढं सरकवलं.

"खा बाई," ती म्हणाली.