डोनलच्या बंदुकीची दारू

बाबांना आयर्लंडमधल्या ड्रोहेडाला लेक-जावयाकडे, भार्गवी आणि संकेतकडे, येऊन आठवडाही झाला नव्हता. एका सकाळी चहा पिताना त्यांनी भार्गवीला विचारलं, "गो, हय दारू खय गावता?"

भार्गवी त्यांच्याकडे बघतच राहिली. चारुदत्त राणे जन्मात कधी थेंबाला शिवले नव्हते.

"तुम्हाला कशाला हवी?"

"माका नको. त्या डोनलाक व्हयी. बंदुकीची दारू, बाय."

डोनल म्हणजे शेजारचा म्हातारा. बायको गेलेली, मुलगा ऑस्ट्रेलियात, हाडाचा सुतार. बॉइन नदीकाठच्या मैदानात दर उन्हाळ्यात गावची मंडळी जुने कोट चढवून लढाईचा देखावा करायची, त्यात हा एक शिपाई. त्याच्याकडे ठासणीची लांब बंदूक होती. परसातल्या भिंतीपलीकडे तो ती पुसत बसलेला बाबांना दिसला आणि बाबा सरळ त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. कुडाळजवळच्या त्यांच्या घरीही तशीच बंदूक होती. माकडं आणि रानडुकरं बागायतीत शिरतात म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना होता त्यांच्याकडे. बाबांचं इंग्रजी शाळेतच राहिलेलं, डोनलचं भार्गवीलासुद्धा निम्मं कळायचं. पण बंदूक मध्ये असली की दोघांचं काही अडत नसे. एकाने गज कसा घालायचा ते दाखवायचं, दुसऱ्याने वर काथ्याचा बोळा कसा दाबायचा ते.

डोनल त्यांना चार्ली म्हणायला लागला.

दारूचं प्रकरण त्यानेच एकदा भार्गवीच्या स्वयंपाकघरात बसून समजावून सांगितलं. बंदुकीचा परवाना होता, पण दारू हे स्फोटक, तिची परवानगी वेगळी. आजवर त्यांच्या मंडळासाठी ती एक जण आपल्या नावावर आणून ठेवायचा, त्याने वयामुळे ते सोडलं. आता डोनलने स्वतःच्या नावावर अर्ज केला होता. पोस्टाने मागवता येत नाही, कुरिअरवाले हात लावत नाहीत, विमानाने आणायचा तर प्रश्नच नाही. परवान्यावाल्या दुकानदाराकडून कागद दाखवून घ्यायची, तीही ठरलेल्या मापापेक्षा जास्त नाही. आणि घरापासून लांब, नेमून दिलेल्या पेटीत ठेवायची. ती जागा अधिकाऱ्याने येऊन पाहिल्याशिवाय चिमूटभरही मिळायची नाही.

"इट'ल बी ग्रँड," शेवटी तो म्हणाला, म्हणजे होईल सगळं नीट.

बाबांना यात काहीच वावगं वाटलं नाही. "आमच्याथय पण असाच असा. निवडणूक इली की बंदूक पोलीस स्टेशनात जमा. सरकाराक विचारल्याशिवाय मी कधी काय करूक नाय."

मग दोघांनी मिळून पेटी केली. आत लोखंडाचा एक खिळा चालत नाही, ठिणगी उडते, म्हणून डोनलने लाकडी खुंट्या ठोकल्या आणि बाबांनी दिवसभर पॉलिश पेपर घासला. अधिकारी आला, पेटीची त्याने तारीफ केली. पण शेड घराच्या भिंतीला फार जवळ आहे, हलवा म्हणाला. दोघा म्हाताऱ्यांनी शेड मोकळी करून, एकेक फळी वाहून परसाच्या पार टोकाला पुन्हा उभी केली. आता फक्त अधिकारी परत यायचा होता. तो कामात होता. देखाव्याचा रविवार जवळ येत चालला, त्यापाठोपाठ बाबांचं परतीचं तिकीटही.

"रिकामी बंदूक घेवन उभो ऱ्हवतलो तो," बाबा एकदा जेवताना म्हणाले. "पुढच्या वर्षी झिलाकडे जातलो म्हणता. हो तेचो शेवटचो देखावो."

भार्गवीने आमटी वाढता वाढता 'हं' म्हटलं. तिचं लक्ष नव्हतं.

त्याच आठवड्यात ती प्लांटमधून दुपारीच घरी आली. औषधांच्या कारखान्यात ती सेफ्टी बघायची. पूड, धूळ, ठिणगी हे तिचं रोजचं काम. गॅरेजचं दार उघडं होतं. बाबा खाली बसले होते, पुढ्यात तिचा खलबत्ता, त्यात कोळशाची काळी पूड, बाजूला कागदाच्या दोन पुड्या. तिला एका नजरेत कळलं, बाबा बंदुकीची दारू बनवत होते.

"बाबा, हे काय चाललंय?"

"चिमटीभर फक्त. एका बाराची," ते ओशाळून म्हणाले. "म्हाताऱ्याचा मन ऱ्हवात. माझो बापूस घरीच करी."

"इथे हा गुन्हा आहे. तुरुंगात टाकतात. माझं आणि संकेतचं नागरिकत्व अडकेल, माझी नोकरी जाईल. आणि हात उडाला असता तर? तुम्हाला काही कळतं का?" तिचा आवाज चढत गेला. "तुम्हाला इथे आणलं हीच माझी चूक झाली."

बाबा उठले, नळाखाली हात धुतले. काळं लवकर जाईना, तरी धूतच राहिले.

भार्गवीने सगळं पाण्यात बुडवलं. तिथेच थांबली असती तरी चाललं असतं. पण ती तशीच शेजारी गेली आणि डोनलला म्हणाली, माझ्या वडिलांना यापुढे बोलावू नका. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. ऐकून तो पांढरा पडला. "मी त्याला कधीच करू दिलं नसतं," एवढंच म्हणाला.

देखावा त्या वर्षी नुसत्या ढोलांवर झाला. संकेतने गाडी काढली, तर बाबा म्हणाले गुडघा दुखतो. ते परसातही जाईनासे झाले. विमानतळावर त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, "सांभाळून ऱ्हवा," म्हणाले. भार्गवीला बोलायचं होतं. पण नियमाच्या बाजूने ती बरोबरच होती, आणि माफी न मागताच तिने त्यांची बॅग पुढे ढकलली.

परवानगी आली ती पानं गळायला लागल्यावर. डोनल स्वतः दारात येऊन सांगून गेला. ऑस्ट्रेलियाला जाणं त्याने पुढे ढकललं होतं, पुढच्या उन्हाळ्यातल्या देखाव्यापर्यंत थांबायचं ठरवलं होतं. शनिवारी मैदानात मंडळाच्या चार माणसांसमोर त्याने बार काढायचं ठरवलं आणि भार्गवीला बोलावलं. "युअर मॅन इथे असायला हवा होता," तो बाबांबद्दल म्हणाला.

तिने फोनवर सगळं टिपलं. आवाज नदीपलीकडे जाऊन परत आला, पांढरा धूर ओल्या गवतावर रेंगाळत राहिला. डोनलने टोपी काढली आणि फोनकडे बघून म्हणाला, "हा चार्लीचा."

संध्याकाळ व्हायच्या आत तिने तो व्हिडिओ बाबांना पाठवला आणि फोन लावला.

"बघलंय," ते म्हणाले. "धूर बरो इलो. पण ठासणी नीट बसाक नाय, तेका सांग."

"पुढच्या उन्हाळ्यात तुम्हीच येऊन सांगा की. तो थांबणार आहे तोवर."

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"मी येवचंय नाय आता, गो."

"मी बोलले म्हणून ना? बाबा, मी तसं बोलायला नको होतं."

"तू बोललंस ता खराच होता. परक्या देशात तुमका माझो भार नको. असांदे. जेवलंस?"

"जेवते आता," ती म्हणाली. आणखी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन आईकडे दिला.

दुसऱ्या दिवशी डोनलने भिंतीवरून विचारलं, चार्ली काय म्हणाला? भार्गवीने ठासणीचं सांगितलं. त्याने गंभीरपणे मान हलवली, अगदी बरोबर आहे म्हणाला, घाईच झाली होती. "पुढच्या उन्हाळ्यात तो आला की त्यालाच ठासायला देतो. तोवर दारू नीट ठेवतो, मापात."

भार्गवी "हो" म्हणाली आणि दोरीवरचे कपडे काढायला लागली. ते अजून ओलेच होते.